कालचं फूल

आत्याबाईंनी त्या सकाळी नैवेद्याच्या आधी शिरा खाल्ला नसता, तर तांड्यावरची डीपी ठरल्याप्रमाणे चालू झाली असती, आणि पुढे काय झालं असतं ते मला आजही सांगवत नाही. म्हणून गोष्ट शिऱ्यापासूनच सांगते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, द्वारकाबाई. माझा रोजचा नेम असा, की उठल्यापासून पोथीचा अध्याय पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. खूणही करायची नाही, कारण खूण केली की मन पोथीतून उठतं. अध्याय झाला की नैवेद्य, मग गाईचा घास, मग घरातल्यांचं खाणं. आत्याबाईंना बीपीची गोळी असते आणि ती खाऊनच घ्यावी लागते. त्यामुळे दर पाच मिनिटांनी त्या देवघराच्या दारात येऊन विचारायच्या, झालं का गं. मला उत्तर देता यायचं नाही, ओवी मात्र चुकायची, आणि मी मागच्या ओवीपासून पुन्हा सुरू करायची. त्या जितक्या वेळा विचारायच्या, तितका अध्याय लांबायचा.

यावरची तोड मला वर्कशॉपमध्ये सुचली.

हिंगोलीच्या बाहेर किसनरावांचं वर्कशॉप आहे. शेताजवळच्या खांबांवर बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरला आमच्याकडे सगळे डीपी म्हणतात. जळालेली डीपी इथे येते, कारागीर हरीश तिच्यात नव्या तारा गुंडाळतो, ती भट्टीत वाळते, तिची टेस्ट होते आणि ती परत जाते. मी नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, सहा वर्षं पुण्यात टेस्टिंगची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत काढली आणि लग्नानंतर इथे आले. किसनरावांकडे आधी हरीश हातात घड्याळ धरून टेस्टरसमोर दहा मिनिटं उभा राहायचा आणि दर मिनिटाचा आकडा वहीत लिहायचा. मी टेस्टर कॉम्प्युटरला जोडला आणि त्याचा प्रोग्राम लिहिला.

टेस्ट साधीच आहे. गुंडाळलेल्या तारा आणि बाहेरची टाकी यांच्यामध्ये अडीच हजार व्होल्टचा दाब दहा मिनिटं द्यायचा आणि वीज कुठे झिरपते का ते बघायचं. आकडा मेगाओहममध्ये येतो. जितका मोठा तितका चांगला. आत ओल राहिली असेल तर आकडा पडतो. पाचशेच्या खालची डीपी गेटबाहेर सोडायची नाही हा किसनरावांचा नियम.

माझा पहिला प्रोग्राम आत्याबाईंसारखाच होता. टेस्टरला दर क्षणाला विचारायचा, झालं का, झालं का. टेस्टर बिचारा मोजायचं सोडून उत्तरं देत बसायचा आणि मध्येच अडकून पडायचा. मग मी रीत बदलली. टेस्टरच्या आत आठ रकाने असतात, प्रत्येकात शून्य किंवा एक. एक रकाना सांगतो की मी कामात आहे, एक सांगतो की काहीतरी बिघडलं, एक सांगतो की झालं. नव्या रीतीत कॉम्प्युटर 'सुरू कर' एवढं सांगून दुसऱ्या कामाला लागायचा. अधूनमधून 'झालं' च्या रकान्यावर नजर टाकायची, एक दिसला की आकडा उचलायचा आणि कागद छापायचा. हरीशही बटण दाबून पुढची कॉइल गुंडाळायला मोकळा झाला.

यंत्राला जमतं ते घरात काहून जमू नये, असं म्हणून मी आत्याबाईंना सांगितलं, दारात येऊन विचारू नका. अध्याय आणि नैवेद्य झाला की मी देवघराच्या उंबऱ्यावर झेंडूचं एक फूल ठेवीन. येताजाता बघत जा. फूल दिसलं की झालं. महिनाभर हे इतकं छान चाललं, की मला स्वतःचं जरा कौतुकच वाटायला लागलं होतं.

त्या सकाळी अध्याय निम्म्यावर होता आणि स्वयंपाकघरात वाटीत चमचा वाजला. मी वाचत राहिले. अध्याय संपवून नैवेद्याचं ताट वाढायला बाहेर आले, तर आत्याबाई अर्धी वाटी शिरा खाऊन, गोळी घेऊन निवांत बसलेल्या. माझ्या हातात रिकामं ताट बघून त्यांचा चेहरा उतरला.

"फूल व्हतं गं उंबऱ्यावर," त्या म्हणाल्या. "म्या बघूनच घेतलं."

फूल होतं खरं. पण ते मी ठेवलेलं नव्हतं, म्हणजे त्या दिवशी ठेवलेलं नव्हतं. रोज संध्याकाळी दिवा लावायच्या आधी आत्याबाई उंबरा झाडायच्या, त्यात ते निघून जायचं. आदल्या दिवशी त्या पुसेगावला भाचीच्या डोहाळजेवणाला गेल्या होत्या आणि परत यायला त्यांना अंधार झाला होता. उंबरा कुणी झाडलाच नव्हता. झेंडूचं फूल ते, एका रात्रीत कोमेजत नाही.

मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आत्याबाई, तुमची काही चूक न्हाई. कालचं फूल होतं. ते कुणी उचललंच न्हाई."

हे बोलले आणि माझं बोलणं माझ्याच कानावर आदळलं.

टेस्टरमधलं फूल कोण उचलतं?

कुणीच नाही. मी प्रोग्राममध्ये 'झालं' वाचायचं लिहिलं होतं. ते पुसायचं लिहिलं नव्हतं. तरीही महिनाभर सगळं सुरळीत चाललं, कारण हरीश प्रत्येक टेस्टनंतर सवयीने टेस्टर बंद करायचा, आणि बंद केला की सगळे रकाने आपोआप कोरे होतात. त्याचं ते बटण दाबणं म्हणजे आत्याबाईंचं उंबरा झाडणं होतं, आणि त्या भरवशावर माझा प्रोग्राम उभा आहे हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पण काल घाई होती. दोन डीप्या पाठोपाठ लावल्या होत्या. मी सांजवातीसाठी पाचला निघाले तेव्हा पहिलीचा कागद निघाला होता आणि हरीश दुसरी जोडत होता. टेस्टर चालूच होता. दुसरी डीपी तांड्याची होती.

देवाला गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवला, गाईला घास दिला आणि स्कूटी काढली.

वर्कशॉपला पोचले तेव्हा साडेआठ झाले होते. पिकअप डीपी घेऊन सातलाच गेली होती, हरीश तिच्यासोबत. मी कॉम्प्युटर लावून कालची नोंद काढली. पहिली डीपी चार एकवीसला सुरू, चार एकतीसला संपली, आकडा बाराशे चाळीस. दुसरी पाच वाजून चौदा मिनिटं सात सेकंदांनी सुरू, चौदा मिनिटं आठ सेकंदांनी संपली. आकडा बाराशे चाळीस. दहा मिनिटांची टेस्ट एका सेकंदात. कागदावर मी फक्त तारीख छापत होते, वेळ नाही, म्हणून कुणाला दिसलं नाही. आणि बटण दाबून निघून जायची सोय मीच केली होती, म्हणून समोर उभंही कुणी नव्हतं.

किसनराव नुकतेच येऊन बसले होते. मी सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की एकाच हातानं गुंडाळलेल्या कॉइल, आकडे सारखे येऊ शकतात. मी त्यांना सेकंदांचे रकाने दाखवले. तांड्यावरच्या थावरांना त्यांनी आज लाईट देतो असा शब्द दिला होता. नऊ दिवस तांडा अंधारात होता, गव्हाचं दुसरं पाणी तुटलं होतं.

हरीशला फोन लावला, लागला नाही. मी मेसेज टाकला की डीपी चालू करू नका, टेस्ट चुकलेली आहे. थोड्या वेळाने मेसेजपुढे दोन खुणा उमटल्या. किसनराव म्हणाले, झालं, गेला निरोप, वायरमन तर चारला येणार आहे, आता निवांत राहा.

"फोनपर्यंत गेला, काका. हरीशभाऊंपर्यंत गेला का ते कुठं माहीत हाय," मी म्हणाले. "ह्याच गफलतीनं कालचा कागद निघाला. मी खूण बघून थांबणार न्हाई. हातात धरून मोजायचं मीटर घ्या, आपण जाऊ."

माझा आवाज कधी चढत नाही, त्या दिवशीही चढला नाही. पण किसनरावांनी जीपची किल्ली उचलली.

कळमनुरी मागे पडेपर्यंत ते रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. मग म्हणाले, "तुमचा टेस्टर बी तुमच्यावानीच निघाला बाई. मौन धरून बसतो अन् आमाला खुणा बघाय लावतो." मी म्हणाले, हो, आणि दोन्हीकडे खूण मीच अर्धवट ठरवली. वारंगा फाट्यावर पंक्चरच्या दुकानात विचारलं, तर पिकअप दोन तासांपूर्वी गेली होती. आम्ही चहाला न थांबता आत वळलो.

तांड्यावर पोचलो तर डीपी दोन खांबांवर चढलेली. वायरमनला दुपारी दुसरीकडे जायचं होतं म्हणून तो लवकर आला होता, आणि वर बसून शेवटचे नट आवळत होता. डीपीच्या टाकीला हळदकुंकू लावलं होतं. खाली थावरा, त्यांची बायको नानीबाई आणि दहाबारा माणसं उभी. नानीबाईंच्या हातात सोललेला नारळ. हरीशचा फोन पिकअपमध्ये चार्जिंगला लावलेला होता, माझा मेसेज त्याच्यात तसाच पडून.

मी हरीशला बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "तरीच. काल लीड काढताना हाताला मुंग्या आल्या, ताई. म्हणलं उरलासुरला करंट असंल."

उरलासुरला नव्हता. प्रोग्रामने 'झालं' म्हणून कागद छापला तेव्हा टेस्टर खरी टेस्ट नुकती सुरू करत होता. पुढची दहा मिनिटं दाब चालूच होता, आणि मध्येच परत येऊन, माझ्या कागदावर विश्वास ठेवून हरीशने लीडला, म्हणजे टेस्टरच्या वायरीला, हात घातला होता. मी त्याच्या हातांकडे बघितलं. दोन्ही शाबूत होते. त्या क्षणी मला पोथीतली एकही ओवी आठवेना.

वायरमनला मी खालूनच थांबायला सांगितलं. दहा मिनिटं द्या, परत मोजू द्या. थावरा पुढे आले. आवाज चढवणारा माणूस नव्हे, पण नऊ दिवस त्यांच्या बोलण्यात होते.

"बाई, तुमीच कागद दिला ना, पास हाय म्हणून?"

"दिला. तो कागद खोटा हाय," मी म्हणाले. "चूक माझी हाय. हरीशभाऊंची न्हाई, काकांची न्हाई."

थावरांनी किसनरावांकडे बघितलं. किसनराव खाली बघत होते. मग थावरा मागच्या माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या बाया उपास करतेत ते ठीक हाय. ही बाई तर डीपीला बी उपास घडवून राहिली." माणसं हसली, मीही हसले, आणि त्या हसण्यात वायरमनने मीटरचे लीड वर ओढून घेतले.

मीटर माझ्या हातात होतं. आकडा एकशे दहावर आला आणि तिथून घसरायला लागला. नव्वद. सत्तर. एक मिनिट झालं तेव्हा तो एकेचाळीसवर होता आणि अजून खाली चालला होता. मी मीटर थावरांच्या हातात दिलं आणि सांगितलं की हा आकडा पाचशेच्या वर पाहिजे. कॉइल आतून ओली आहे. घाईत भट्टीतून अर्धा दिवस लवकर काढली होती. ओल राहिली असेल तर टेस्टमध्ये कळेलच, असं हरीशने धरलं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. टेस्ट त्याच्यासाठीच असते.

वायरमन खाली उतरला, हातमोजे काढून पिशवीत टाकले आणि म्हणाला की मी हिला चालू करणार नाही. थावरांनी विचारलं, केली तर काय होईल. तो म्हणाला, कदाचित चालेल दोन दिवस. कदाचित चालू करतानाच आत फाटेल आणि उकळतं तेल बाहेर येईल.

"अन् खाली आमी नारळ घेऊन उभं," नानीबाई म्हणाल्या. डीपी चढवायची साखळी पुन्हा वर गेली आणि डीपी खाली यायला लागली.

निघताना नानीबाईंनी मला थांबवलं. किती दिवस लागतील, रोज फोन करून विचारू का. मी म्हणाले, "तीन दिवस. रोज विचारू नका मावशी, झालं की मीच फोन करते. पण माझा फोन आला तरी तेवढ्यावर राहू नका. टेस्ट किती वाजता सुरू केली अन् किती वाजता संपली, एवढं विचारा. मधे दहा मिनिटं नसली तर डीपी घेऊ नका."

त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं. नारळ टोपलीत परत ठेवला आणि म्हणाल्या, हा त्याच डीपीचा, दुसरीकडं फोडायचा न्हाई.

वर्कशॉपला परत आल्यावर किसनरावांनी कपाटातून हरीशची जुनी वही काढली. रागाने नाही. म्हणाले की यंत्राला इतकं डोकं नको, घड्याळ आणि माणूस बरा. मी त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ मागितला.

आधी त्यांना चूक दाखवली. एका छोट्या डीपीची टेस्ट घेतली, आकडा नऊशे साठ आला. टेस्टर बंद केला नाही. लीड काढून मोकळे लाकडी बाकावर ठेवले, सगळ्यांना लांब उभं केलं आणि जुन्या प्रोग्रामचं बटण दाबलं. एका सेकंदात कागद निघाला. पास, नऊशे साठ. किसनरावांनी कागद बघितला, मग बाकावरचे मोकळे लीड बघितले. नंतर मी टेस्टर बंद करून चारपाच ओळी लिहिल्या. टेस्ट सुरू करायच्या आधी 'झालं' चा रकाना पुसायचा. पुसला गेला का ते वाचून बघायचं. सुरू करायला सांगितल्यावर 'कामात आहे' चा रकाना एक झाला का ते बघायचं, नाही झाला तर टेस्टरने ऐकलंच नाही असं धरायचं. मगच 'झालं' ची वाट बघायची, आणि आकडा उचलला की लगेच रकाना पुन्हा पुसायचा. कागदावर सुरू आणि संपल्याची वेळ. मध्ये दहा मिनिटं नसतील तर कागद निघणारच नाही. आणि टेस्टर स्वतः दाब उतरला म्हणून सांगत नाही तोवर पडद्यावर लाल अक्षरात, लीडला हात लावू नका.

तोच खेळ पुन्हा केला. या वेळी टेस्टरने मोकळ्या लीडवर 'बिघडलं' चा रकाना एक केला, आणि पडद्याने कागद द्यायला नकार देऊन जोडणी तपासा म्हणून सांगितलं. हरीशने एवढंच सुचवलं की लाल अक्षरं मोठी करा, त्याला चष्मा लागलाय. मी ती दुप्पट केली. किसनरावांनी वही कपाटात ठेवली. टाकून दिली नाही, आणि मलाही ते बरं वाटलं.

घरी रात्रीच्या जेवणाआधी आत्याबाईंशीही ठरवून टाकलं. फूल ज्याला दिसेल त्याने ते तिथल्या तिथे उचलायचं आणि तुळशीत टाकायचं. आणि मी पोथीला बसायच्या आधी उंबरा मोकळा आहे का ते बघून बसायचं. आत्याबाई म्हणाल्या, एवढं शिकाय तुला पुण्याला जावं लागलं व्हय.

तिसऱ्या दिवशी दुपारी डीपी भट्टीतून निघाली. बटण दाबून कुणी कामाला गेलं नाही. हरीश, किसनराव आणि मी, तिघंही दहा मिनिटं पडद्यासमोर उभे राहिलो. जुनाच घड्याळाचा प्रकार झाला म्हणा. मी माळ ओढत होते. आकडा चढत गेला, थांबला, लाल अक्षरं गेली. आठशे सत्तर. सुरू तीन वाजून दोन, संपली तीन वाजून बारा. मी नानीबाईंना फोन लावला. त्यांनी मला बोलूच दिलं नाही, आधी विचारलं, किती वाजता सुरू केली, किती वाजता संपली. मी सांगितलं. पलीकडून बोटांवर मोजल्याची पुटपुट ऐकू आली आणि मग त्या म्हणाल्या, बराबर हाय, पाठवा.

पिकअप संध्याकाळीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उंबरा बघितला, मोकळा होता, आणि पोथीला बसले. अध्याय निम्म्यावर असताना स्वयंपाकघरात माझा फोन वाजला. आत्याबाईंनी तो उचलला. पलीकडून कुणीतरी मोठ्याने बोलत होतं, शब्द कळत नव्हते, मागे कसलीतरी घरघर होती. आत्याबाई बरं, बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. मला वाटलं, आता त्या दारात येतील. आल्या नाहीत. मन फोनकडे धावत होतं, ते मी ओवीवर ओढून आणलं. अध्याय संपवला, नैवेद्य दाखवला आणि उंबऱ्यावर फूल ठेवलं.

आत्याबाई आल्या. आधी वाकून फूल उचललं, अंगणात जाऊन तुळशीत टाकलं, आणि मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तांड्यावरून नानीबाईचा फोन व्हता. डीपी चालू झाली. मोटार चालून राहिली, पाणी गव्हात गेलं. नारळ फोडला म्हणे."

मी विचारलं, फोन केव्हा आला होता.

"अर्धा तास झाला आसंल."

"अन् आत्ता सांगता?"

"तवा फूल कुठं व्हतं," आत्याबाई म्हणाल्या आणि शिऱ्यासाठी वाटी पुढे केली.